भाषा येत नसताना जपानमध्ये एकट्यानं फिरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला एकटं जायचं म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न भाषेचा असतो. भाषा येत नाही म्हणून रस्ता चुकला तर फारसं बिघडत नाही, कोणी ना कोणी हाताला धरून वाटेला लावतं. खरी पंचाईत होते ती तीन ठिकाणी: ताटात काय वाढलंय ते कळत नाही तेव्हा, तब्येत बिघडते तेव्हा आणि गाडी अचानक थांबते तेव्हा. या तिन्हींची तयारी घरूनच, लेखी करून जाता येते. म्हणून इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

जपानीचा एकही शब्द येत नसेल तर एकट्यानं जाणं शक्य आहे का?

टोकियो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा या शहरांत नक्कीच. स्टेशनांची नावं रोमन अक्षरांतही लिहिलेली असतात, आणि त्याहून उपयोगी म्हणजे बहुतेक शहरी मार्गांवर प्रत्येक स्टेशनाला क्रमांक असतो. यामानोते मार्गावरचं शिंजुकू म्हणजे 'जेवाय १७', गिन्झा मेट्रोवरचं गिन्झा म्हणजे 'जी ०९'. नाव उच्चारता आलं नाही तरी आकडे मोजत जाता येतं: १७ वरून २० कडे जायचंय आणि पुढचं स्टेशन १६ लागलं, तर तुम्ही उलट्या दिशेच्या गाडीत आहात.

शिकोकू किंवा तोहोकूच्या खेड्यांत मात्र पाट्या कमी, इंग्रजी त्याहून कमी आणि बसही दिवसातून मोजक्याच. पहिल्या खेपेला मोठी शहरं आणि जोडीला एखादं लहान गाव, एवढंच ठेवा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जपानी माणूस शाळेत अनेक वर्षं इंग्रजी वाचतो, पण बोलायला कचरतो. तुम्ही पटापट बोललात की तो गांगरतो. तेच कागदावर सुट्ट्या, ठळक अक्षरांत चार शब्द लिहून दाखवलेत की बहुतेक वेळा काम होतं. खिशात लहान वही आणि पेन ठेवा. फोनची बॅटरी संपते, वहीची नाही.

निघण्यापूर्वी किती जपानी शिकावं?

दोन-तीन आठवडेच हाताशी असतील तर व्याकरणाच्या नादी लागू नका, काताकाना लिपी शिका. मूळ अक्षरं ४६. त्यांचा क्रम आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आपल्या बाराखडीच्या अंगानं जातो, कारण तो बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरूनच बसवलेला आहे. रोज पाच अक्षरं गिरवली तर दहा दिवसांत लिपी वाचता येते. परदेशी वस्तूंची नावं याच लिपीत लिहितात, त्यामुळे कॉफी, सॅलड, चीज, टोस्ट, टॉयलेट, टॅक्सी हे सगळं वाचता येऊ लागतं.

उच्चार मात्र त्यांच्या पद्धतीनं करा: होतेरु, ताकुशी, तोइरे, कोही, मिरुकु. 'मिल्क' असं स्वच्छ इंग्रजीत म्हणाल तर समोरच्याला कळेलच असं नाही. ऱ्हस्व-दीर्घही सांभाळा: 'बीरु' म्हणजे बिअर, 'बिरु' म्हणजे इमारत.

बोलायला एवढं पुरतं:

- सुमिमासेन: लक्ष वेधायला, माफी मागायला, गर्दीतून वाट काढायला.
- (जागेचं नाव) वा दोको देस का: अमुक कुठे आहे?
- कोरे ओ कुदासाइ: बोट दाखवून, 'हे द्या'.
- काइते कुदासाइ: लिहून द्या.
- दाइजोबु देस: ठीक आहे, दुकानात 'नको, चालेल' या अर्थानंही.
- आरिगातो गोझाइमास: आभार.

पाठ केलेला प्रश्न सफाईनं विचारला की उत्तर भरधाव जपानीत येतं आणि आपण तिथेच अडकतो. म्हणून ज्याचं उत्तर बोट दाखवून, मान हलवून किंवा आकडा लिहून देता येईल, असाच प्रश्न विचारा. 'क्योतोला कसं जायचं?' असं विचारू नका. तिकीट पुढे करून, समोरच्या गाडीकडे बोट दाखवून 'कोनो देन्शा, क्योतो?' (ही गाडी, क्योतो?) एवढंच म्हणा.

भाषांतराचं अ‍ॅप आहे, मग चिंता कशाला?

अ‍ॅप हवंच, पण ते वापरायची रीत आहे. गुगल ट्रान्सलेटमध्ये जपानी भाषा घरीच वायफायवर उतरवून घ्या, म्हणजे इंटरनेट नसलं तरी काम चालतं. जोडीला व्हॉइसट्रा ठेवा. हे जपानच्या सरकारी संशोधन संस्थेचं मोफत अ‍ॅप आहे, त्याला इंटरनेट लागतं. तुमच्या वाक्याचं जपानी केल्यावर ते पुन्हा तुमच्या भाषेत उलटवून दाखवतं, हा त्याचा मोठा फायदा. उलटून आलेलं वाक्य वेडंवाकडं दिसलं तर ते समोरच्याला दाखवायचंच नाही, नव्यानं लिहायचं.

मराठीतून थेट जपानीत गेलात तर अर्थ लवकर घसरतो. साधं इंग्रजी द्या. एका वाक्यात एकच गोष्ट, कर्ता स्पष्ट, म्हणी-वाक्प्रचार नकोत. 'मला जरा पोटात कसंतरी होतंय' यातून काहीही निघू शकतं. 'माझं पोट दुखतं. काल रात्रीपासून. उलटी नाही.' अशी तीन वाक्यं नीट पोचतात.

कॅमेऱ्यानं छापील मजकूर बरा वाचला जातो. हातानं लिहिलेला, उभ्या ओळींचा मेन्यू आला की अ‍ॅप हात टेकतं. अशा खानावळीत शेजारच्या टेबलावरच्या पदार्थाकडे नम्रपणे हात करून 'कोरे ओ कुदासाइ' म्हणणं जास्त खात्रीचं.

त्यांच्या हावभावांचा अर्थ कसा लावायचा?

छातीसमोर दोन्ही हातांची फुली म्हणजे नाही, बंद, परवानगी नाही. चेहऱ्यासमोर पंख्यासारखा हलणारा हात म्हणजेही नाही. तळवा खाली करून बोटं हलवली की ते तुम्हाला जवळ बोलावतायत. आपल्याला तो हात 'जा' असा वाटतो आणि माणसं उलट निघून जातात. स्वतःच्या नाकाकडे बोट म्हणजे 'मी?'. आपण मान डोलावतो ती त्यांना हो की नाही ते कळत नाही, म्हणून 'हो'साठी मान सरळ खालीवर करा.

सगळ्यात जास्त घोटाळा 'हाइ'मुळे होतो. त्याचा शब्दशः अर्थ 'हो' असला तरी बोलणं चालू असताना तो नुसता 'ऐकतोय' असा हुंकार असतो. 'ही बस विमानतळाला जाते ना?' याला 'हाइ' ऐकून चढू नका. वेळ किंवा थांब्याचं नाव लिहून घ्या. आणि 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, दातांतून हवा आत ओढली, तर ते नम्र 'नाही' आहे. तिथे रेटा लावण्यात अर्थ नसतो.

विमानतळावर अडचण येते का?

भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. तो विमानतळावर त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन फोनच्या पडद्यावर प्रत्यक्ष उघडून दाखवावा लागतो. छापलेला कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणजे उतरताना फोन चार्ज हवा आणि इंटरनेट चालू हवं. ई-सिम भारतातच बसवून ठेवा, नाहीतर विमानतळाच्या वायफायवर जोडून घ्या. इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती 'व्हिजिट जपान वेब'वर आधी भरली की क्यूआर कोड मिळतो आणि तोंडी प्रश्न कमी होतात. राहण्याच्या जागेचा पत्ता आणि फोन नंबर जवळ ठेवा, तो विचारतातच.

तिकिटांचं काय? यंत्रावर सगळं जपानीत असतं का?

यंत्रावर इंग्रजीचं बटण असतं. पण रोजच्या लोकल-मेट्रोसाठी सुइका, पास्मो किंवा इकोका यांपैकी एक कार्ड घ्या, म्हणजे यंत्राशी गाठ फक्त पैसे भरण्यापुरती पडते. साध्या कार्डाला ५०० येन अनामत असते आणि त्यात २०,००० येनपर्यंत रक्कम ठेवता येते. पर्यटकांचं वेलकम सुइका अनामतीशिवाय मिळतं, ते २८ दिवस चालतं. आयफोनमध्ये सुइका थेट घेता येतं, मात्र भारतीय कार्डानं त्यात पैसे भरणं अनेकदा फसतं. भारतात विकत घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये बहुतेक वेळा त्यासाठी लागणारी चिपच नसते. प्लास्टिकचं कार्ड आणि रोख हेच बिनघोर.

कार्डाची एक मर्यादा आहे. एका विभागात कार्ड टेकवून आत शिरून दुसऱ्या विभागात बाहेर पडता येत नाही. टोकियोच्या बाजूनं साध्या गाडीनं अतामीच्या पुढे गेलात की स्टेशनाबाहेर पडण्याचं दार उघडत नाही, आणि मग खिडकीवर जाऊन हिशेब चुकता करावा लागतो. लांबच्या प्रवासाला कागदी तिकीट काढा.

कागदी तिकीट कमी रकमेचं निघालं तर घाबरू नका. बाहेर पडण्याच्या दाराआधी भाडं पुरं करून देणारं यंत्र असतं. तिकीट घाला, फरक भरा, नवं तिकीट घ्या. ही रोजची बाब आहे, त्यात दंड नसतो.

शिनकानसेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, बऱ्याचदा दोन तिकिटं हातात पडतात: एक मूळ भाड्याचं, दुसरं जलद गाडीच्या अधिभाराचं. दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच यंत्रात घालायची. एकच घातलं की दार बंद होतं. पलीकडून दोन्ही परत घ्यायला विसरू नका, उतरताना पुन्हा लागतात. तोकाइदो, सान्यो आणि क्युशू शिनकानसेनवर लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेला जागेसह आरक्षण लागतं. आपल्याकडची सगळ्यात मोठी ट्रॉली बॅग या मापाच्या आसपास भरते, तेव्हा घरीच टेपनं मोजा.

बरोबर गाडीत बसूनही माणूस चुकीच्या ठिकाणी कसा पोचतो?

दोन कारणांनी. पहिलं, एकाच फलाटावरून साधी, जलद आणि अतिजलद गाडी सुटते आणि जलद गाडी तुमचं स्टेशन सोडून पुढे जाते. मुंबईच्या स्लो-फास्टची सवय असलेल्यांना हे सांगायला नको, पण इथे पाटीच वाचता येत नाही. म्हणून नकाशाच्या अ‍ॅपनं सांगितलेली सुटण्याची वेळ मिनिटासकट जुळवा. ९:१४ची गाडी सांगितली असेल तर ९:११ला आलेली गाडी तुमची नाही.

दुसरं कारण, गाडी मध्येच दुभंगते. नारितावरून येणारी नारिता एक्सप्रेस टोकियो स्टेशनवर तुटते. काही डबे शिंजुकूकडे, काही योकोहामाकडे जातात. ओसाकाहून कान्साई विमानतळाला जाणारी जलद गाडी हिनेनो स्टेशनवर तुटते: १ ते ४ क्रमांकाचे डबे विमानतळाला, ५ ते ८ वाकायामाकडे. मागच्या डब्यात निवांत झोपलात तर विमान चुकेल. डब्याचा क्रमांक दारावर आणि आत लिहिलेला असतो. शंका आली तर शेजाऱ्याला तिकीट दाखवा.

गाडी मध्येच थांबून बराच वेळ जपानीतून घोषणा चालू असेल तर 'उन्तेन मिआवासे' हे शब्द कान देऊन ऐका. त्याचा अर्थ वाहतूक तात्पुरती बंद. अशा वेळी सगळे उतरले तर उतरा, बसून राहिले तर बसा, आणि कर्मचाऱ्याला वहीत तुमचं ठिकाण लिहून दाखवा. तो दुसरा मार्ग आकडे आणि बाण काढून समजावतो. रात्रीची शेवटची गाडी साधारण बारा-साडेबाराला जाते आणि पहाटे पाचच्या सुमारास पुन्हा सुरू होते. मधला वेळ टॅक्सीशिवाय पर्याय नसतो.

बसमध्ये चढायचं कुठून, पैसे कधी द्यायचे?

टोकियोच्या शहरी बसमध्ये पुढून चढा आणि चढतानाच ठरलेलं भाडं द्या. क्योतोत आणि बहुतेक लहान गावांत मागून चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ पैसे द्यायचे. जिथे अंतराप्रमाणे भाडं असतं तिथे चढताच दाराशेजारच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्या. समोरच्या फलकावर त्या क्रमांकाखालची रक्कम वाढत जाते, उतरताना दिसेल तेवढी भरायची. चिठ्ठी घ्यायला विसरलात तर पहिल्या थांब्यापासूनचं भाडं मागतात. सुटे पैसे ड्रायव्हरजवळच्या यंत्रात नाणं किंवा १,००० येनची नोट घालून आधी करून घ्या. भाड्याच्या पेटीत नोट टाकली तर बाकी परत येईलच असं नाही.

हॉटेल सापडत नाही. पत्ते इतके अवघड का?

क्योतोसारखे अपवाद सोडले तर जपानी पत्त्यात रस्त्याचं नाव नसतं. विभाग, त्यातला भाग, त्यातला इमारतींचा गट आणि त्यातली इमारत असे आकडे येतात, आणि इमारतींचे क्रमांक रांगेनं असतीलच असं नाही. मोठ्या स्टेशनात तर आधी बाहेर पडण्याचं दार चुकतं: शिंजुकूला दोनशेहून अधिक दारं आहेत. हॉटेलला ईमेलनं विचारा की कोणत्या दारानं बाहेर पडायचं, आणि ते वहीत लिहा.

टॅक्सीवाल्याला हॉटेलचा फोन नंबर दाखवा. त्यांच्या गाडीतल्या नकाशाला नंबर दिला की जागा सापडते, नाव-पत्ता उच्चारत बसावं लागत नाही. मागचं दार ड्रायव्हर आतून उघडतो आणि बंद करतो, त्याला हात लावू नका. हॉटेलात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे जपानीत छापलेलं त्यांचं कार्ड घेणं आणि पाकिटात ठेवणं.

लहान पारंपरिक सरायांत, म्हणजे र्योकान किंवा मिन्शुकूत, जेवण सायंकाळी सहा-सातलाच वाढतात आणि रिसेप्शन लवकर बंद होतं. उशीर होणार असेल तर आदल्या मुक्कामाच्या हॉटेलातल्या कर्मचाऱ्याला तुमच्या वतीनं फोन करायची विनंती करा. ते आनंदानं करतात.

मी शाकाहारी आहे. 'व्हेज' म्हटलं तर कळेल का?

'बेजितारियन' हा शब्द कळतो, पण त्यातून 'भाजी आवडणारा' एवढाच बोध होण्याची भीती असते. 'निकु नाशी' म्हणजे मांस नको, असं सांगितलं तरी मासा, कोळंबी, कधी हॅमचे तुकडेही येतात, कारण ते 'निकु'त धरत नाहीत. आणि जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं 'दाशी' हे सार बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं. मिसो सूप, उदोन आणि सोबा या नूडल्सचा रस्सा, तेंपुराबरोबरची चटणी, इनारी सुशीतला गोडसर तळलेला तोफू, उकडलेल्या भाज्या, या सगळ्यांत ते मुरलेलं असतं. दिसत नाही म्हणून नाही, असं धरू नका.

यावर उपाय कार्डाचा. 'शाकाहारी' हा शब्द गाळून वस्तूंची यादी लिहा: मांस, चिकन, हॅम, मासा, शंखशिंपले, कोळंबी, माशाचं दाशी, बोनितोचा कीस, हे खात नाही. खाली: भात, भाज्या, तोफू, दूध (आणि अंडी चालत असतील तर अंडी) चालतं. पुण्या-मुंबईत जपानी शिकणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून जपानी लिपीत लिहून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून. तोंडी सांगायचं तर: 'निकु, साकाना, दाशी ओ ताबेमासेन'. दाशी किती काटेकोरपणे टाळायचं हे जाण्याआधीच मनाशी ठरवा. ते चालत असेल तर जेवण सोपं होतं; चालत नसेल तर रोजच्या जेवणाची जागा आदल्या रात्रीच ठरवावी लागते.

कशावर भागवता येतं: काकडीची माकी (भाताची सुरळी), लोणच्याची माकी, नातोची (आंबवलेल्या सोयाबीनची) माकी, एदामामे म्हणजे मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा, गार तोफू (वर बोनितोचा कीस घालतात, 'कात्सुओबुशी नाशी' असं आधीच सांगा), साधा भात. कोको इचिबान्या या करीच्या दुकानसाखळीच्या बऱ्याच शाखांत वेगळी शाकाहारी करी मिळते. टोकियो स्टेशनाच्या आत टीज तानतान या दुकानात पूर्ण वनस्पतिजन्य रामेन (रस्सेदार नूडल्स) आहे. कोयासानच्या मठांत राहिलात तर शोजिन र्योरी म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं. आरक्षण करतानाच दाशीबद्दल लिहून विचारा. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, तिथे वाणसामान आणि जेवण दोन्ही मिळतं.

पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या सूचनेवर विसंबू नका. कायद्यानं सक्तीची यादी गहू, अंडं, दूध, कोळंबी, खेकडा, शेंगदाणा अशा पदार्थांची आहे. मासा आणि डुकराचं मांस त्या सक्तीत नाहीत. घटकांची पूर्ण ओळ कॅमेऱ्यानं वाचा. उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यातही, बोनितोचा अर्क असू शकतो.

घरून मेतकूट, कोरडी चटणी, झटपट पोहे-उपमा न्या. ताजी फळं, भाज्या, मिरच्या, लिंबं आणि कढीपत्ता नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. मांसाचे पदार्थही चालत नाहीत. इथली किटली नेऊन उपयोग नाही: तिथे वीज १०० व्होल्टची असल्यानं २३० व्होल्टच्या किटलीची ताकद जेमतेम एक-पंचमांश उरते आणि पाणी उकळायला पाचपटीहून जास्त वेळ लागतो. हॉटेलच्या खोलीत बहुधा त्यांची किटली असते. फोनचा चार्जर मात्र चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर न्या.

दारातल्या बटणांच्या यंत्रावर जेवण कसं मागवायचं?

रामेन आणि गोमांस-भाताच्या दुकानांत हे यंत्र असतं. आधी पैसे घाला, मग बटणं पेटतात. पदार्थाचं बटण दाबा, चिठ्ठी घ्या, सुट्टे घ्या, चिठ्ठी काउंटरवर ठेवा. डावीकडचं सगळ्यात वरचं बटण बहुधा त्या दुकानाचा मुख्य पदार्थ असतो. जुलै २०२४मध्ये नव्या नोटा आल्या, त्या काही जुनी यंत्रं घेत नाहीत, म्हणून १०० आणि ५०० येनची नाणी जवळ ठेवा. भोकाचं पिवळं नाणं ५ येनचं असतं आणि त्यावर आपल्याला वाचता येईल असा आकडाच नसतो.

रोज किराणा-दुकानात काउंटरवर काहीतरी विचारतात. काय असतं ते?

बहुतेक वेळा तीनच प्रश्न. 'फुकुरो' ऐकू आलं तर पिशवी हवी का. तिचे जुलै २०२०पासून पैसे पडतात. 'आतातामे' ऐकू आलं तर गरम करून देऊ का. 'पोइंतो कादो' म्हणजे पॉइंट कार्ड आहे का. नको असेल तर 'दाइजोबु देस' आणि हलकासा हात. रक्कम कानांनी पकडायचा प्रयत्न करू नका, पडद्यावर आकडा दिसतो. पैसे हातात न देता तबकात ठेवा.

पैशांची सोय कशी करावी?

रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी वापर बंदच असतो. तो बँकेच्या अ‍ॅपमधून तुम्हीच चालू करायचा, दुकान, ऑनलाइन आणि एटीएम असा वेगवेगळा. भारतीय सिम फोनमध्ये राहू द्या आणि रोमिंग चालू करून घ्या, नाहीतर ओटीपी येत नाही आणि ऑनलाइन तिकीट अडकतं. सेव्हन-इलेव्हन दुकानातली सेव्हन बँकेची आणि टपाल खात्याची एटीएम परदेशी कार्डं घेतात. 'येनमध्ये की रुपयांत' असं विचारलं तर येन निवडा, रुपयांतला दर महाग पडतो. दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा.

रोजची औषधं किती नेता येतात?

डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं एक महिन्यापुरती आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांपुरती नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील, मधुमेह-रक्तदाबाचा तीन महिन्यांचा साठा न्यायचा असेल, तर 'यून्यू काकुनिन-शो' हे आयातीचं प्रमाणपत्र निघण्याआधी मिळवावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त सुडोएफेड्रिन असेल तर ती आणता येत नाहीत. १ टक्क्यापेक्षा जास्त कोडीन असलेल्या औषधांवरही कडक बंधन आहे. अ‍ॅम्फेटामिनची औषधं चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. घरातला औषधाचा डबा उचलून तसाच बॅगेत टाकू नका, एकेक पट्टी वाचून घ्या. मूळ वेष्टन आणि इंग्रजीतली चिठ्ठी बरोबर ठेवा.

आजारी पडलो तर काय सांगायचं, कोणाला सांगायचं?

वहीच्या एका पानावर आधीच इंग्रजीत आणि शक्य तर जपानीत लिहून ठेवा: जन्मतारीख, रक्तगट, आजार, चालू औषधांची मूळ रासायनिक नावं, कशाची अ‍ॅलर्जी आहे, घरचा फोन नंबर, विम्याचा क्रमांक. आपल्याकडची ब्रँडची नावं तिथे कोणालाच कळत नाहीत. पॅरासिटामॉलसुद्धा तिथे 'आसेतोआमिनोफेन' या नावानं मागावं लागतं.

ताप सेल्सिअसमध्ये सांगा. '१०१' म्हटलं तर डॉक्टर चक्रावतील: १०१ म्हणजे ३८.३, १०२ म्हणजे ३८.९. दुखणाऱ्या जागेवर हात ठेवून 'इताइ' म्हणा. पोट म्हणजे ओनाका, डोकं म्हणजे आतामा, ताप म्हणजे नेत्सु, मळमळ म्हणजे हाकिके.

अँब्युलन्स आणि आग यांचा क्रमांक एकच, ११९. फोन उचलताच ते 'काजी' की 'क्यूक्यू' असं विचारतात. काजी म्हणजे आग, क्यूक्यू म्हणजे तातडीची वैद्यकीय मदत. 'क्यूक्यू' म्हणा, मग जागा सांगा. पत्ता माहीत नसेल तर जवळच्या पेयाच्या यंत्रावर तो बहुधा चिकटवलेला असतो, किंवा फोन सरळ शेजारच्या माणसाच्या हातात द्या. पोलिसांचा क्रमांक ११०. जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेची मदतवाहिनी ०५०-३८१६-२७८७ चोवीस तास चालते आणि इंग्रजीत बोलते. दवाखाना शोधायला, अपघातात, भूकंपात तिचा उपयोग होतो. बऱ्याच ई-सिममधून नुसता डेटा मिळतो, फोन लागत नाही. तुमचं सिम कोणतं आहे ते आधी तपासा. तसं असेल तर हॉटेल, दुकान किंवा पोलीस चौकी गाठा. विम्याशिवाय निघू नका.

एकट्या बाईनं जावं का?

जावं. गर्दीच्या वेळी अनेक मार्गांवर महिलांचा डबा असतो. फलाटावर गुलाबी पट्टी आणि वेळा लिहिलेल्या असतात. गर्दीत कोणी हात लावला तर 'चिकान!' (छेड काढणारा) असं मोठ्यानं ओरडा, तिथे हा शब्द सगळे लगेच समजतात. टोकियो पोलिसांच्या डिजी पोलीस अ‍ॅपमध्ये मदत मागणारा जपानी मजकूर पडद्यावर दाखवायची आणि आवाजात वाजवायची सोय आहे. महिलांसाठी वेगळा मजला असलेली हॉटेलं मिळतात. बाई असो वा पुरुष, टोकियोच्या काबुकिचो-रोप्पोंगी भागांत रस्त्यावर अडवून बारमध्ये नेणाऱ्याच्या मागे जाऊ नका. भरमसाट बिल लावतात आणि तिथे भाषेअभावी वादही घालता येत नाही.

भूकंपाच्या घोषणा कळणार कशा?

जपान पर्यटन विभागाचं 'सेफ्टी टिप्स' अ‍ॅप आधीच उतरवा, ते इंग्रजीत इशारा देतं. सगळ्यांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजू लागले आणि 'जिशिन' (भूकंप) ऐकू आलं तर काही सेकंदच हाती असतात: टेबलाखाली शिरा, डोकं झाका, खिडकीपासून दूर व्हा. लिफ्ट वापरू नका. समुद्रकाठी असाल आणि 'त्सुनामी' ऐकू आलं तर सामान सोडून उंचावर चला. कुठे, हे कळत नसेल तर लोकांच्या मागे जा.

स्वच्छतागृहात कोणतं बटण पाणी सोडतं?

बसकणीच्या हँडलवर दोन चिन्हं असतात. हातपाय पसरून उभ्या माणसासारखं दिसतं ते जास्त पाण्याचं. मध्ये उभी रेघ आणि दोन बाजूंना दोन फटकारे, ते कमी पाण्याचं. फवारा थांबवायचं बटण बहुधा चौकोनाच्या खुणेचं, लाल किंवा नारिंगी असतं. बाकी बटणांच्या वाटेला जाण्यापूर्वी ते शोधून ठेवा.

पासपोर्ट किंवा सामान हरवलं तर?

पासपोर्ट सतत जवळ ठेवणं परदेशी पर्यटकांना कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे तो हॉटेलात ठेवून फिरता येत नाही. हरवला तर जवळच्या 'कोबान'मध्ये, म्हणजे लहान पोलीस चौकीत जा. 'इशित्सु तोदोके' हे हरवल्याच्या नोंदीचं नाव. एवढं म्हणून वस्तूचं चित्र काढून दाखवलं तरी अर्ज पुढे येतो. नोंदीचा क्रमांक लिहून घ्या, दूतावास आणि विमा कंपनी तोच मागतात. भारतीय दूतावास टोकियोत कुदानशिता स्टेशनाजवळ आहे आणि ओसाकात महावाणिज्य दूतावास आहे. बाकी वस्तू परत मिळण्याची शक्यता चांगली असते. गाडीत विसरलात तर गाडीची वेळ, डब्याचा क्रमांक आणि उतरलेलं स्टेशन लिहून स्टेशनच्या खिडकीवर द्या. पासपोर्टची पहिली-शेवटची पानं, व्हिसा आणि विम्याचा कागद यांचे फोटो निघण्यापूर्वी घरच्या एका माणसाला पाठवून ठेवा. फोनही त्याच पिशवीत गेला असेल तर तेच कामाला येतात, म्हणून त्या माणसाचा नंबर वहीतही लिहा.